पत्त्यांची यादी ही अमानत आहे

याहू ग्रुप्स ही सेवा डिसेंबर २०२० मध्ये कायमची बंद झाली. ज्यांनी आपला जुना पत्रव्यवहार वेळेत उतरवून घेतला नव्हता, त्यांचा तो गेला. फुकट मिळालेल्या घराची किल्ली घरमालकाकडेच राहते.

म्हणून माझे मत असे, की पन्नास-साठ माणसांच्या गटाने आपली ईमेल यादी स्वतःच्या शेल खात्यावरून चालवावी. शेल खाते म्हणजे दुसऱ्याच्या युनिक्स संगणकावर आपल्याला मिळालेला एक कोपरा. अमेरिकेतील एसडीएफ १९८७ पासून चालू आहे आणि अशी खाती देते. 'डॉट फॉरवर्ड' या छोट्या फाईलमध्ये एक ओळ लिहिली, की आलेली ईमेल 'प्रोकमेल'सारख्या प्रोग्रामकडे जाते. पाठवणारा सभासद आहे का, हे तपासून पत्र सर्वांना धाडायला त्याला सांगता येते. यादी साध्या मजकुराची फाईल असते. माझ्यासारख्या उर्दू-मराठीच्या शिक्षकालाही ती उघडून वाचता येते.

कोणी विचारेल, व्हॉट्सॲप काय वाईट? तिथे आपला फोन नंबर सहसा सगळ्या गटाला दिसतो. अनेक शिक्षिकांना ते नको असते, म्हणून त्या गटात येतच नाहीत. ईमेल यादीवर नुसते वाचणाऱ्याचा पत्ता इतर सभासदांना दिसायची गरज नसते.

मात्र मालकी आली की जबाबदारी आली. यंत्र सामाईक आहे. साठ सभासद आणि दिवसाला दहा पत्रे म्हणजे सहाशे ईमेल. तेव्हा यंत्र चालवणाऱ्याची परवानगी आधी घ्यावी. कोणी 'रजेवर आहे' असे आपोआप जाणारे उत्तर लावले, तर यादी आणि ते उत्तर एकमेकांना पत्रे पाठवत बसू शकतात. म्हणून प्रत्येक पत्रावर खुणेची ओळ घालावी आणि तीच ओळ घेऊन परत आलेले पत्र अडवावे. एप्रिल २०१४ मध्ये याहूने 'डीमार्क' नियम कडक केल्यावर यादीमार्फत गेलेली याहूची पत्रे ठिकठिकाणी नाकारली गेली. तेव्हापासून पाठवणाऱ्याच्या जागी यादीचा पत्ता लावण्याची पद्धत पडली.

एवढे कष्ट कशासाठी? लोकांनी पत्ते विश्वासाने दिलेले असतात. ती अमानत आहे. कोणाला विकायची नाही, उघडी टाकायची नाही. अमानत एकट्याच्या भरवशावरही ठेवू नये. यादीची आणि जुन्या पत्रांची एक प्रत दर महिन्याला दुसऱ्या विश्वासू सभासदाकडे द्यावी. चालवणारा उद्या नसला, तरी पत्रे राहिली पाहिजेत.