सर्जनचा हात आणि बाकीचा सर्जन

हिंगोलीच्या बाजारात हळद घेऊन आलेल्या कुणालाही विचारा, चांगला सर्जन कोण? उत्तर ठरलेलं: ज्याच्या हाताला यश आहे तो. जरा खोदून विचारलं तर पुढची यादी येते. हात थरथरत नाही, रक्त बघून डगमगत नाही, अर्ध्या तासात ऑपरेशन उरकतो. तापट असला तरी चालतं. उलट तापट आहे म्हणजे मोठाच असणार. 2024 साली हिंगोलीत 100 जागांचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथली काही मुलं उद्या सर्जन होतील. त्यांनीही हीच यादी उराशी धरायच्या आत ती तपासलेली बरी.

या यादीच्या बाजूने खुद्द सुश्रुत उभा करता येतो, हे मान्य. शस्त्र चालवणाऱ्याच्या अंगी शौर्य हवं, काम झटपट हवं, घाम फुटू नये, कंप सुटू नये, असंच तो सांगतो. पण त्याचा रोगी शुद्धीवर असे. लंडनचा रॉबर्ट लिस्टन मिनिटांच्या हिशोबात पाय कापायचा तो याच सक्तीपोटी. डिसेंबर 1846 मध्ये त्याच लिस्टनने ईथरची भूल देऊन पाय कापला आणि त्या घाईचं कारणच गेलं. आपल्याकडे घाईचं कौतुक तेवढं राहिलं. शिवाय याच सुश्रुताने शिष्यांना आधी भोपळा, काकडी, कलिंगड चिरायला बसवलं होतं. म्हणजे हात घडवता येतो. सरावाने जे येतं ते दैवी देणगी म्हणून कशाला मिरवायचं?

आणि नुसता घडलेला हात काय करू शकतो, ते बीडने दाखवलं. 2019 मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. पाहणीत 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. तिथे प्रश्न कुणाचा हात चुकल्याचा नव्हता. ऑपरेशनची मुळात गरज होती का, हा होता. अंगावरून जातं म्हणून आलेल्या तिशीतल्या बाईला कॅन्सरची भीती घालून टेबलावर घेणाऱ्याचा हात कितीही स्थिर असो, तो चांगला सर्जन नव्हे. तिला तपासून, गोळ्या देऊन घरी पाठवणारा चांगला. त्याच्या नावावर ऑपरेशन जमा होत नाही, एवढंच.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. जिल्ह्यात सर्जन मोजके; त्यांनी भराभर हात चालवला नाही तर रांग सरायची कशी? खाटा-गाद्या बघणं प्रशासनाचं काम, सर्जनचं नव्हे. यातला पहिला भाग बाळंतपणात अडलेल्या बाईपुरता मला पूर्ण कबूल आहे. तिथे मिनिटाला किंमत आहे. पण जानेवारी 2025 च्या थंडीत हिंगोली जिल्ह्यातल्याच आखाडा बाळापूरला कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रिया झालेल्या बायका जमिनीवर झोपवल्याच्या बातम्या आल्या, तिथे कसली घाई होती? ते ऑपरेशन आठवड्याने केलं असतं तरी कुणाचं काही अडत नव्हतं. जितक्या खाटा तितक्याच बायका आज घेईन, हे सांगायचा अधिकार चाकू धरणाऱ्याचाच. नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ एका सर्जनने काही तासांत 83 बायकांची ऑपरेशनं उरकली. 13 जणी दगावल्या. दोष औषधांचा की निर्जंतुकीकरणाचा, यावर वाद झाला. पण त्याच सर्जनचा त्याच वर्षी ऑपरेशनांच्या विक्रमी संख्येबद्दल सरकारी सत्कार झाला होता, त्यावर वाद नाही.

आता धैर्य. सोयाबीनच्या सुगीत मळणीयंत्रात हात गेलेला माणूस येतो. जखमेत भुसा, माती, ग्रीस, चिरडलेलं मांस. सोबत दहा-बारा नातेवाईक आणि सगळ्यांचं एकच, ‘साहेब, टाके घाला.’ टाके घातले तर रात्रीपुरतं छान दिसेल, पण आत कोंडलेली घाण चार दिवसांत हात सडवेल. चांगला सर्जन सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या ओतून जखम धुतो, मेलेलं मांस काढून टाकतो, धनुर्वाताचं इंजेक्शन देतो आणि जखम उघडी ठेवून वर पट्टी बांधतो. दोन दिवसांनी पुन्हा बघू, म्हणतो. व्हरांड्यात लगेच कुजबुज, ‘ह्याला टाकेसुद्धा येईनात!’ ती कुजबुज ऐकूनही जो सुईकडे हात नेत नाही, त्याला मी धीराचा म्हणेन. रक्ताची सवय काय, वॉर्डबॉयलाही होते.

तापटपणाचं समर्थन तर सर्वांत लंगडं. पोट शिवायच्या आधी सिस्टर रक्त टिपायचे मॉप मोजतात. एक कमी भरला आणि साहेब खेकसणारे असले, तर सिस्टर पुन्हा मोजतात, घाबरतात आणि गप्प बसतात. मॉप पोटात राहतो. चाकू लावण्याआधी आणि टेबल सोडण्याआधी सगळ्यांनी मोठ्याने बोलून खात्री करायची, अशी एक पानी यादी जागतिक आरोग्य संघटनेने आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून बघितली. त्यात दिल्लीही होती. 2009 मध्ये निष्कर्ष आले: मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आलं. कुणाचा हात रातोरात सुधारला नव्हता. सिस्टरला बोलता येऊ लागलं, हा त्यातला मोठा भाग, असं माझं मत.

राहिला ‘रेफर’. कळमनुरी, बाळापूर, वारंगा फाटा करत अॅम्ब्युलन्स नांदेडला निघाली की गावात शिक्का बसतो: ह्याला काही येत नाही, नांदेडला ढकलतो. माझ्या मते आपली हद्द ओळखणं हा सर्जनचा फार वरचा गुण आहे. मात्र त्याची पारख चिठ्ठीवर व्हावी. जखम किती वाजता झाली, काय धुतलं, कोणतं इंजेक्शन दिलं, रक्त थांबवायचा पट्टा किती वाजता आवळला, बोटांना रक्त पोचतंय का, हे सगळं लिहून वर नांदेडला फोन केला असेल, तर त्या सर्जनने पेशंट सोडलेला नाही. ‘पुढील उपचारासाठी’ एवढंच खरडून खाली सही ठोकली असेल, तर गावकरी म्हणतात तेच खरं.