मऊपणाची किंमत कोणी मोजायची?

प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयाच्या कचेरीत एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. विद्यार्थी प्लास्टिकच्या पारदर्शक फोल्डरमधून गुणपत्रिकेची झेरॉक्स प्रत ओढून काढतो. प्रत निघते, पण तिच्यावरील काही अक्षरे फोल्डरलाच चिकटून राहतात. कारकून वैतागतो, विद्यार्थी ओशाळतो आणि पुन्हा झेरॉक्सच्या दुकानाकडे धावतो. दोष शाईचा, असे आपण म्हणतो. वस्तुतः दोष फोल्डरचा असतो. त्या प्लास्टिकला मऊपणा यावा म्हणून घातलेले द्रव्य हळूहळू बाहेर झिरपते आणि कागदावरील अक्षरांना सैल करते. येथे जे डोळ्यांना दिसते, तेच आपल्या घरात न दिसता अहोरात्र चालू असते.

पॉलिव्हिनाईल क्लोराईड, म्हणजे ज्याला आपण पीव्हीसी म्हणतो ते प्लास्टिक, मुळात कडक व ठिसूळ असते. १९२६ साली वॉल्डो सेमन या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने ते लवचिक करण्याची युक्ती शोधली आणि त्याला घराघरांत प्रवेश मिळाला. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या द्रव्यांना प्लास्टिसायझर म्हणतात. त्यांतील मोठा वर्ग थॅलेटांचा. शास्त्रज्ञ ज्याला डीईएचपी म्हणतात, तेच आपल्या बाजारात ‘डीओपी’ या नावाने विकले जाते. मऊ वस्तूच्या वजनात अशा द्रव्याचा वाटा ३० ते ४० टक्क्यांपर्यंतही असू शकतो. हे द्रव्य प्लास्टिकच्या रेणूंशी रासायनिक बंधनाने जखडलेले नसते. ते केवळ त्यांच्यामध्ये वस्तीला असते. म्हणूनच जुना रेनकोट ताठर होतो, रेक्झिनच्या आसनाला भेगा पडतात.

गेलेला मऊपणा घरातच राहतो. फरशीवर अंथरलेले विनाईल, टेबलावरचे प्लास्टिक, विजेच्या तारांचे वेष्टन, बाळाच्या दुपट्याखालचे मेणकापड यांतून सुटलेला अंश हवेत मिसळतो आणि धुळीच्या कणांवर बसतो. नव्या प्लास्टिकचा जो उग्र वास येतो, तो प्रायः अन्य द्रव्यांचा. थॅलेटांना वास जवळजवळ नसतोच. तेव्हा वास गेला म्हणजे संकट टळले, हा समज निराधार होय.

प्रौढांच्या शरीरात डीईएचपी मुख्यतः अन्नावाटे जाते. रांगणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी. त्याचे तोंड जमिनीच्या जवळ, हात सतत तोंडात आणि वजन अवघे आठ-दहा किलो. साहजिकच धुळीतून त्याच्या वाट्याला येणारी मात्रा वजनाच्या मानाने अधिक असते. ही द्रव्ये शरीरात वर्षानुवर्षे साठत नाहीत. बहुतांश एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातात. यात दिलासा आहे, पण अर्धाच. अनेक देशांतील पाहण्यांत तपासलेल्या बहुतेक साऱ्या माणसांच्या लघवीत त्यांचे अंश आढळले आहेत. खात्यातून रोज रक्कम काढली जात असूनही शिल्लक कायम राहत असेल, तर भरणाही रोज होत आहे, हे सांगावयास हिशेबनीस लागत नाही.

अपाय काय, याविषयी तारतम्याने बोलले पाहिजे. नर उंदरांच्या गर्भावस्थेतील वाढीवर काही थॅलेटांचा विपरीत परिणाम होतो, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी स्वीडनमध्ये सुमारे ४०० मुलांच्या शयनगृहांतील धूळ तपासण्यात आली, तेव्हा धुळीतील थॅलेटांचे प्रमाण आणि दमा, इसब, नाक वाहणे या तक्रारी यांत संबंध आढळला. संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे, हे खरेच. परंतु निर्विवाद पुरावा हाती येईपर्यंत प्रयोग कोणावर चालू ठेवायचा, हा प्रश्न प्रयोगशाळेचा नसून लोकनीतीचा आहे.

युरोपने त्याचे उत्तर टप्प्याटप्प्याने दिले. १९९९ मध्ये तान्ह्यांनी तोंडात घालावयाच्या खेळण्यांवर तातडीची बंदी आली. २००५ मध्ये ती कायम व व्यापक झाली. जुलै २०२० पासून चार प्रमुख थॅलेटांना घरगुती वापराच्या बहुसंख्य वस्तूंत वजनाच्या ०.१ टक्क्याची मर्यादा लागू झाली. खेळण्यापासून फरशीपर्यंत पोहोचण्यास वीस वर्षे लागली. भारतात खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला आणि त्यांतील थॅलेटांसाठी भारतीय मानकही आहे. पाऊल स्वागतार्ह आहे. पण हा आदेश खेळण्यांपुरताच आहे. मुलाच्या हातातली बाहुली तपासायची आणि ते ज्यावर रांगते ते विनाईल मोकळे सोडायचे, यात संगती कोणती? युरोपला माल धाडणाऱ्या कारखानदाराला ती मर्यादा पाळावीच लागते. त्यालाच जमते ते देशी ग्राहकासाठी जमू नये, असे नाही.

यावर आक्षेप येईल तो किमतीचा. स्वस्त प्लास्टिकने गरिबाचे छप्पर झाकले, रक्तपेढीला पिशवी दिली, हे नाकारण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात तळोजा येथे थॅलेटांचा कच्चा माल बनतो. त्यावर रोजगार अवलंबून आहेत. तथापि, ज्या वस्तूच्या किमतीत तिच्यापासून होणाऱ्या अपायाचा खर्च धरलेला नसतो, ती स्वस्त नसते. तिच्या किमतीचा काही भाग दुसऱ्याच्या नावे लिहिलेला असतो. बाजारात माहिती नसलेला ग्राहक निवड करू शकत नाही, आणि विनाईलच्या गुंडाळीवर रंग नि रुंदी लिहिलेली असते, आतील द्रव्य नव्हे.

ओल्या फडक्याने फरशी पुसणे, खिडक्या उघड्या ठेवणे, गरम अन्न मऊ प्लास्टिकपासून दूर ठेवणे, एवढे प्रत्येकाला करता येईल. पण ते धोरणाची जागा घेऊ शकत नाही. घरातील विनाईल, मेणकापड व रेक्झिन यांना खेळण्यांचीच मर्यादा टप्प्याटप्प्याने लावावी. वेष्टनावर प्लास्टिसायझरचे नाव छापणे सक्तीचे करावे. पर्यायी द्रव्यांचीही तपासणी व्हावी, नाहीतर एक थॅलेट काढून दुसरे घालण्याचा खेळ होईल. आणि प्रारंभ सरकारने स्वतःच्या खरेदीपासून करावा. अंगणवाड्यांसाठी मागवल्या जाणाऱ्या बैठकांच्या निविदेत ही एक अट घालण्यास नवा कायदा लागत नाही. तेवढ्याने निदान ज्यांनी ही वस्तू निवडली नाही आणि विकतही घेतली नाही, त्या मुलांच्या नावे लिहिलेली रक्कम कमी होऊ लागेल.