पैसे बुडवणाऱ्याची नोंदणी कशाला?

दर महिन्याच्या वीस तारखेआधीचे दोन दिवस माझ्या कार्यालयात बसायला खुर्ची मिळत नाही. जीएसटीचं ३-बी विवरणपत्र भरायची ती शेवटची तारीख. गेल्या खेपेला त्या गर्दीत एक सेंट्रिंगवाला येऊन बसला. हातात प्लास्टिकची पिशवी. तिच्यात बिलबुक, पासबुक आणि साइटवरची सिमेंट लागलेली वही. एका सरकारी इमारतीचं आरसीसीचं काम त्याने केलं होतं. निविदा मोठ्या ठेकेदाराच्या नावावर, स्लॅब याच्या माणसांनी टाकलेला. बिल १२ लाख ४० हजारांचं.

मी त्याचं सव्वीस-एएस, म्हणजे आयकर खात्याकडचा कापलेल्या कराचा उतारा, उघडलं. ठेकेदाराने १२ लाख ४० हजार रुपये याच्या खाती जमेला दाखवले होते आणि त्यावर एक टक्का, म्हणजे १२ हजार ४०० रुपये, टीडीएस कापून सरकारात भरलाही होता. पासबुकात त्या ठेकेदाराकडून आलेला रुपया नव्हता. बिल दिलेलं असल्यामुळे याला मात्र १८ टक्क्यांनी २ लाख २३ हजार २०० रुपये जीएसटी भरायचा होता.

“साहेब, मला मिळालंच न्हाई, तर भरू कशातनं?”

मी त्याला सांगितलं की कर बिलावर लागतो, पैसे हातात आले की नाही हे कायदा विचारत नाही. तो थोडा वेळ वहीची पानं चाळत बसला. मग म्हणाला, मजुरांची हजेरी भागवायला निम्म्या प्लेटा मागच्याच महिन्यात विकल्या, आता उरलेल्या काढतो. सेंट्रिंगवाल्याने प्लेटा विकणं म्हणजे शेतकऱ्याने बैल विकणं. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या उपविभागात चौकशी केली तेव्हा कळलं, त्या कामाची दोन रनिंग बिलं कधीच निघाली होती आणि पैसे ठेकेदाराच्या खात्यावर पडले होते.

अशा ठेकेदाराची खात्याकडची नोंदणी निलंबित झाली पाहिजे, आणि सवय सुटत नसेल तर रद्द. दिवाणी दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. नोंदणी देणाऱ्या खात्याने त्याची वाट पाहत बसू नये. हे मी बोललो की चारी बाजूंनी उत्तरं येतात. त्यातली काही खरोखर विचार करावा अशी आहेत.

पहिलं उत्तर वकिली थाटाचं असतं. हा दोन खाजगी पक्षांतला व्यवहार आहे. खात्याचा करार मुख्य ठेकेदाराशी, पोटकंत्राटदाराशी त्याचं नातंच नाही. १८७२ च्या करार कायद्यावर वाढलेल्या माणसाला हे पटतं. मलाही एके काळी पटायचं. पण ‘नातं नाही’ म्हणणारं हेच सरकार कर घेताना त्या पोटकंत्राटदाराला नावानिशी ओळखतं. आयकर कायद्याखाली त्याच्या पैशातून कपात झाली. रक्कम खाती जमा दाखवणं किंवा प्रत्यक्ष देणं, यातलं जे आधी घडेल तेव्हा कपात करायची, असं तो कायदा सांगतो. म्हणजे ठेकेदाराने ‘मी याचे १२ लाख ४० हजार लागतो’ हे सरकारदरबारी लिहून दिलंच आहे. जीएसटी कायदा तर आणखी पुढे जातो. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराचे पैसे दिले नाहीत, तर त्या बिलावर घेतलेली कराची वजावट व्याजासकट परत करावी लागते. पैसे बुडवणाऱ्याला शिक्षा आहे, पण ती रक्कम जाते तिजोरीत. सेंट्रिंगवाला होता तिथेच.

आणि मजुरांच्या बाबतीत तर हा ‘खाजगी’पणाचा पडदा सरकारने कधीच फाडला आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती द्यावी आणि कंत्राटदाराकडून वसूल करावी, अशी तरतूद होती. नव्या कामगार संहितेतही ते तत्त्व राहिलं आहे. त्या कायद्याच्या व्याख्येत ‘कंत्राटदार’ म्हणजे पोटकंत्राटदारसुद्धा. मजुरी चुकती करायची जबाबदारी लादताना पोटकंत्राटदार दिसतो. त्याचे पैसे बुडतात तेव्हा दिसेनासा होतो. जलजीवन मिशनच्या कामावरच्या एका तरुणाने २०२५ मध्ये आत्महत्या केली तेव्हाही सरकारी उत्तर हेच होतं: त्याच्या नावावर काम नाही, तो उपकंत्राटदार असेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सरकारच बिलं थकवतं, ठेकेदार कुठून देणार? खरं आहे. २०२५ मध्ये राज्यातल्या कंत्राटदार संघटनांनी सगळ्या खात्यांकडची मिळून ८९ हजार कोटींची थकबाकी सांगितली होती. आकड्यावर वाद घाला, पण मार्चअखेरीला कार्यकारी अभियंत्याच्या दाराबाहेर दिवस काढणारा ठेकेदार मी पाहिला आहे आणि त्याच्या गळ्याला फास लावा असं मी म्हणत नाही. ज्याला पैसे आलेच नाहीत त्याला या शिक्षेतून वगळा. ब्रिटनने १९९६ च्या कायद्याने ‘मला मिळाले की तुला देईन’ ही अटच बांधकामाच्या करारांत निष्प्रभ केली, वरचा दिवाळखोरीत गेला तेवढा अपवाद ठेवून. मला तो नियम जास्त न्याय्य वाटतो. पण आपल्याकडे वरून पैसे सुटण्याची जी तऱ्हा आहे ती पाहता मी तेवढंही मागत नाही. बिल खात्यावर पडलं त्या दिवसापासून घड्याळ चालू करा, इतकंच. सरकारच्या थकबाकीची ढाल पुढे करून मिळालेले पैसे दुसऱ्या निविदेच्या अनामतीत गुंतवणारे जे आहेत, त्यांच्याबद्दल मी बोलतोय.

‘कोर्ट आहे की’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा दावा लावून पाहावा. केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी मुदत तीन वर्षांची, आणि ती तीन वर्षं ‘पुढच्या बिलात देतो’ ऐकण्यात जातात. कारण दावा लावला की त्या ठेकेदाराकडून, आणि त्याच्या गोतावळ्यातल्या चौघांकडून, पुन्हा काम मिळत नाही. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याचं नाव हमखास पुढे येतं. ४५ दिवसांत पैसे द्या, नाहीतर बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. वाचायला फार छान. पण वर्क्स कॉन्ट्रॅक्ट या कायद्याच्या कक्षेत येत नाही असे निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिले आहेत, आणि स्लॅब टाकणाऱ्याचं काम म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्टच, असं ठेकेदाराचा वकील पहिल्याच तारखेला सांगतो.

पोटकंत्राटदारही काही धुतल्या तांदळासारखे नसतात, हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. उचल घेऊन माणसं दुसऱ्या साइटवर पळवणारे, स्लॅबला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं ठेवून बिल मागणारे मलाही माहीत आहेत. नोंदणी जाईल या धाकाचा ते गैरफायदा घेतील, ही भीती खोटी नाही. पण यावरचा उपाय अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने काढून ठेवला आहे. तिथे कंत्राटदारांना परवाना देणारं मंडळ १९२९ पासून आहे. मुख्य ठेकेदाराला कामाचा हप्ता मिळाला की सात दिवसांत पोटकंत्राटदाराचा वाटा द्यायचा. नाही दिला तर दरमहा दोन टक्के दंड, आणि शिवाय ते परवान्यावरच्या शिस्तभंगाचं कारण ठरतं. मात्र प्रामाणिक वाद असेल तर वादातल्या रकमेच्या दीडपटीपर्यंत पैसे रोखून धरायची मुभा. म्हणजे दोन लाखांच्या खराब कामाबद्दल तीन लाख अडवा. पण त्या नावाखाली बारा लाख दाबून बसता येत नाही. प्रत्येक परवानाधारकाला २५ हजार डॉलरचा बॉण्ड ठेवावा लागतो, तो वेगळाच.

आपल्याकडेही खात्याला मनमानी करता येणार नाही. काळ्या यादीत टाकण्याआधी म्हणणं मांडू द्या, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये इरुसियन इक्विपमेंटच्या खटल्यात सांगितलं आहे. तेव्हा नोटीस द्या, सुनावणी घ्या, दीडपटीचा हिशेब मांडा. सव्वीस-एएस समोर ठेवलं तर सुनावणीला दुपारसुद्धा लागायची नाही.

काम बंद पडेल म्हणतात. पोटकंत्राटदार प्लेटा उचलून गेल्यावर ते पडतंच.

एक आडमुठा प्रश्न उरतो. खात्याच्या बी-१ करारनाम्यात लेखी मंजुरीशिवाय काम पोटकंत्राटाने देता येत नाही. मग जो कागदावर नाहीच त्याची तक्रार कोण ऐकणार? अहो, मंजुरी न घेणं हा ठेकेदाराचा करारभंग आहे. त्याच्याच करारभंगाचा फायदा त्यालाच द्यायचा? शाखा अभियंत्याला साइटवर कोणाची माणसं आहेत ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. स्लॅबच्या आदल्या दिवशी सळ्या तपासताना तो फोन सेंट्रिंगवाल्यालाच करतो.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. इमारत पुरी झाली की कार्यकारी अभियंता कामाचा दाखला देतो, मुख्य ठेकेदाराच्या नावाने. त्या दाखल्यावर आणि उलाढालीवर त्याची निविदा-क्षमता ठरते, नोंदणीचा वर्ग वाढतो, पुढचं मोठं काम मिळतं. म्हणजे पैसे न देता करून घेतलेला स्लॅब सरकार त्याच्या पदरात पुण्य म्हणून टाकतं. नोंदणी ही खात्याने गावभर दिलेली ग्वाही आहे: हा माणूस भरवशाचा. सेंट्रिंगवाल्यानेही त्याच ग्वाहीवर उधारीने काम धरलं होतं. ग्वाही देणाऱ्याने मग ‘हा तुमचा खाजगी मामला’ म्हणून हात झटकायचे, हे सभ्य माणसाला शोभत नाही, खात्याला कसं शोभतं?

सार्वजनिक बांधकाम विभागाने नोंदणीच्या अटींत एवढंच घालावं: आधीच्या देयकातून पोटकंत्राटदारांची देणी सात दिवसांत भागवली, असं शपथपत्र प्रत्येक देयकासोबत जोडावं, ते खोटं निघाल्यास सुनावणीनंतर नोंदणी निलंबित, आणि देणं फिटेपर्यंत नवी निविदा नाही. कंत्राटदार नोंदणीचे नियम शासन निर्णयानेच होतात. त्यासाठी विधिमंडळाच्या अधिवेशनाची गरज नाही.