पोरांच्या गुडघ्याचा हिशोब कोण ठेवणार?

पोळा सरला, गणपती उठले, की आपल्या सोनपेठ तालुक्यात कबड्डीचे फलक लागायला सुरुवात होते. 'भव्य कबड्डी सामने', खाली पहिले बक्षीस, दुसरे बक्षीस, उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड. बक्षीस देणाऱ्याचा फोटो बक्षिसाच्या आकड्यापेक्षा मोठा. रात्री दिव्यांच्या उजेडात सामने रंगतात. ट्रॉल्यांवर, माळवदांवर माणसे दाटीने बसतात. लाऊडस्पीकरवरून एकेका पकडीला शंभर, दोनशे रुपये पुकारले जातात. बघायला झकास वाटते. मलाही वाटते. मी काही खेळाचा दुष्मन नाही.

पण गेल्या हंगामात या खेळाची मागची बाजू बघायला मिळाली. ती आधी सांगतो, मग मुद्द्यावर येतो.

गंगाकाठच्या एका गावचा पोरगा. घरी दोन एकर, तेही कोरडवाहू. शिकायला बाहेर तालुक्यातल्या एका महाविद्यालयात. चढाईला मोठा चपळ. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत त्याने कॉलेजला करंडक मिळवून दिला. दिवाळीच्या सुमारास शेजारच्या गावच्या एका मंडळाने त्याला आपल्या संघातून खेळायला नेले. बोली ठरली रात्रीला पाचशे रुपये, वरून जेवण, आणि जिंकलो तर बक्षिसात वाटा. दोन रात्री पोरगा खेळला. तिसऱ्या रात्री पकडीत गुडघा फिरला, लिगामेंट तुटले.

मंडळ म्हणाले, "गडी आमच्या गावचा न्हाई." कॉलेज म्हणाले, "सामना आमचा नव्हता. विनापरवानगी खेळलास, कारवाई तुझ्यावरच व्हायला पाहिजे." त्याचे स्वतःचे गाव म्हणाले, "दुसऱ्या गावाकडून खेळला ना, मग तिथंच माग." दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. हा तर तीन घरचा पाहुणा.

ऑपरेशन झाले. पैसा कुठून आणला म्हणून विचारले, तर बापाने मुकादमाकडून उचल घेतली होती. म्हणजे पोराच्या गुडघ्यासाठी मायबाप एक हंगाम ऊस तोडणार. त्याची आई म्हणाली, "भाऊ, खेळू नको म्हणलं असतं तर गाव म्हणलं असतं, माय आडवी आली. आता गाव कुठंय?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

पैसा आहेच, नोंद नाही

शिकणाऱ्या खेळाडूला पैसे द्यावेत की नाही, यावर आपल्याकडे मोठी गंभीर चर्चा होते. विद्यार्थ्याने खेळासाठी खेळावे, पैशाची चटक लागली की अभ्यास गेला, असे म्हणणारे पुष्कळ. माझे म्हणणे एवढेच, की ही चर्चाच खोटी आहे. पैसा चालू आहेच. तो कोणी कुठे लिहीत नाही, एवढाच काय तो फरक.

कॉलेज प्रवासभाडे देते, भत्ता देते, एखादा ट्रॅकसूट देते. मोठ्या शहरातले कॉलेज फी माफ करते, वसतिगृहात जागा देते आणि आपल्याकडचा चांगला गडी बारावी होताच उचलून नेते. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. २००५ पासून सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. हा सगळा मोबदलाच की! आणि गावोगावच्या स्पर्धांत रात्रीच्या बोलीवर फिरणारे कॉलेजचे गडी तर सगळ्यांना माहीत आहेत. संयोजक जाणतात, प्राध्यापक जाणतात, प्रेक्षकही जाणतात. एक कागद तेवढा जाणत नाही.

बिनकागदाचा पैसा म्हणजे काय, हे आपल्या भागाला शिकवायला नको. त्यालाच उचल म्हणतात. हाती पडताना ती उपकारासारखी वाटते आणि पुढे दोरीसारखी आवळते. मुकादमाच्या वहीत निदान आकडा तरी असतो. कबड्डीच्या गड्याला तीही वही नाही.

सात हजारांचे गहाण

ही गोष्ट आजची नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण जायला पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली. खाशाबा ज्या राजाराम कॉलेजात शिकले, तिथले प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. पदक घेऊन परतल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सगळे सांगतात. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्या लावून पैसा उभा केला आणि प्राचार्यांचे घर सोडवायला दिला, हे कमी लोक सांगतात.

त्या काळी ऑलिंपिकचा दंडक होता, की खेळाडू हौशी पाहिजे, खेळावर पैसा घेतलेला चालणार नाही. अमेरिकेचा जिम थॉर्प कार्लाइलच्या शाळेत असताना सुट्टीत चार पैशांसाठी बेसबॉल खेळला होता, म्हणून १९१२ ची त्याची दोन सुवर्णपदके काढून घेतली. त्या दोन्ही सुवर्णपदकांचा तोच एकमेव मानकरी, हे कबूल व्हायला २०२२ साल उजाडले. तेव्हा थॉर्पला जाऊन ६९ वर्षे झाली होती. हौशीपणाचा नियम करणाऱ्यांच्या घरी खायची भ्रांत नव्हती. भ्रांत असलेल्याच्याच गळ्यात तो नियम अडकला.

खाशाबांना खर्डेकर भेटले. दर गड्याला खर्डेकर भेटत नसतात. आणि प्राचार्यांनी घर गहाण ठेवावे, ही काही व्यवस्था म्हणता येणार नाही.

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि पोरांच्या डोळ्यांपुढे दुसराच आकडा आला. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईला २०१९ च्या लिलावात १ कोटी ४५ लाख मिळाले. २०२४ च्या लिलावात अगदी खालच्या गटाची बोलीसुद्धा ९ लाखांपासून सुरू होत होती. नगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या कप्तानीखाली पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ ला अजिंक्यपद जिंकले, तेव्हा आपल्याकडच्याही पोरांनी फटाके उडवले. आनंदच आहे. पण तिथपर्यंत पोचतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे पाचशेच्या बोलीवर खेळतात आणि मनात मात्र कोटीचा आकडा असतो. याच स्वप्नावर मंडळांना स्वस्तात गडी मिळतात.

आणि खेळायला जाणे फुकट नसते. कॉलेजचे सामने नेमके कापूस वेचणीच्या दिवसांत येतात. २०२५-२६ साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. तीन दिवस सामन्याला गेले की घरातल्या एका माणसाची हजाराच्या घरातली मजुरी बुडाली. अंडी, दूध, केळी यांचा खुराक निराळाच. एका बापाने मला विचारले, "पोरगं खेळायलंय ते चांगलंय, पर खाऊ काय घालू?" क्रीडाधोरणाच्या जाड पुस्तकांपेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

नियम करणे सोपे, पाळणे अवघड

मग द्या पैसे आणि करा नियम, असे कोणी म्हणेल. इथे खरी मेख आहे. लाभ जेवढा मोठा, तेवढी लबाडी मोठी. नोकरीत ५ टक्के जागा ठेवल्या आणि थोड्याच वर्षांत ट्रॅम्पोलिनसारख्या खेळाची बोगस प्रमाणपत्रे निघाली. जो खेळ आपल्या पोरांनी डोळ्यांनी पाहिलेला नाही, त्याचे कागदी खेळाडू नोकरीला लागले आणि खरा खेळलेला मागे राहिला. पुढे प्रमाणपत्र तपासणी कडक झाली. फटका कोणाला? अस्सल प्रमाणपत्र घेऊन क्रीडा कार्यालयाच्या चकरा मारणाऱ्यालाच.

पैसा संस्थेच्या हाती दिला म्हणजे तो खेळाडूपर्यंत पोचेल, असेही नाही. छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलाच्या खात्यातून २१ कोटींच्या वर रक्कम काढली गेल्याचा गुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये दाखल झाला. खात्यात एवढा पैसा होता आणि मराठवाड्यातल्या पोरांना साधी मॅट मिळेना, याचा राग यायला नको का?

ज्यांच्याकडे पैशाला तोटा नाही, त्यांनाही हे कोडे सुटलेले नाही. अमेरिकेत कॉलेजच्या खेळाचा धंदा अब्जावधी डॉलरचा, आणि खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीपलीकडे काही घ्यायला कित्येक दशके बंदी होती. २०२१ पासून त्यांना आपले नाव आणि फोटो वापरू देऊन कमाई करता येऊ लागली. जून २०२५ मध्ये कोर्टाने समझोता मंजूर केला आणि १ जुलैपासून कॉलेजांना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षाची मर्यादा दर कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

पण बाहेरचे श्रीमंत हितचिंतक मंडळे काढून खेळाडूंना वेगळे पैसे देतात, त्याचे काय करायचे? त्यासाठी ६०० डॉलरच्या वरचा प्रत्येक करार तपासायचा असे ठरले. जुलैमध्ये तपासणाऱ्यांनी अशा मंडळांच्या करारांवर कडक नियम काढला आणि महिना संपायच्या आत तो सैल करावा लागला. मुली तर वेगळ्याच कारणाने कोर्टात गेल्या. जुनी भरपाई बहुतेक फुटबॉल-बास्केटबॉलच्या पुरुष खेळाडूंनाच जाते, आमच्या वाट्याला काय, हा त्यांचा सवाल.

वकील, संगणक, कोर्ट, सगळे असून त्यांना हितचिंतकाच्या खिशातला डॉलर मोजता येत नाही. मग आपल्याकडे पुढाऱ्याने लाऊडस्पीकरवरून पुकारलेली दोनशेची नोट कोण मोजणार? मर्यादा घातली की पैसा मर्यादेखालून वाहतो. बांध घातला म्हणून पाणी थांबत नाही, ते वाट बदलते. म्हणून माझे म्हणणे असे, की किती द्यायचे याची मर्यादा घालू नका. दिले ते लिहायला लावा.

चार गोष्टी, याच हंगामात

सरकारची वाट बघायला नको. या चार गोष्टी आपल्या तालुक्यापुरत्या आपणच करू शकतो.

पहिली, वही. प्रत्येक स्पर्धेच्या संयोजकाने नोंदवही ठेवावी. गडी कोणाचा, कोणत्या कॉलेजचा, किती बोलीवर आला, पैसे मिळाल्याची त्याची सही. पैसे शक्यतो त्याच्या खात्यावर टाकावेत. बाहेरचा गडी आणणे ही चोरी राहिली नाही, की त्याला नाकारायचीही सोय उरणार नाही.

दुसरी, विमा. वर्षाला २० रुपयांचा पंतप्रधान सुरक्षा विमा आहे, पण तो अपघाती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वापुरता. फिरलेल्या गुडघ्याला त्याचा उपयोग नाही. म्हणून बक्षिसाच्या रकमेतून आधी दवाखान्यासाठी वाटा बाजूला काढावा आणि फलकावर तोही आकडा छापावा. पहिले बक्षीस दहा हजारांनी कमी झाले म्हणून कोणाचे नाक कापले जात नाही.

तिसरी, कॉलेज. हंगामात संघातल्या प्रत्येकाला खुराकाचा ठरावीक भत्ता द्यावा आणि यादी सूचनाफलकावर लावावी. बाहेर खेळायचे असेल तर लेखी परवानगी द्यावी. परवानगी मागितली म्हणून हाकलू नये. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ साली आपल्या भागातल्या पोरांसाठीच निघाले. त्याने असा एक साधा नमुना करून दिला, तर परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर या चारही जिल्ह्यांतल्या कॉलेजांना सोपे जाईल. आणि नियम मोडला तर शिक्षा देणाऱ्याला करा. मंडळाचा संघ बाद करा, पोराची दोन वर्षे वाया घालवू नका.

चौथी, मुली. मूळची शेजारच्या बीड जिल्ह्यातली प्रियंका इंगळे भारताची कप्तान झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक घेऊन आली. आपल्या फलकांवर मुलींच्या सामन्यांचे बक्षीस किती असते? बहुतेक ठिकाणी सामनेच नसतात. वही उघडली की हेही दिसेल.

यावर कोणी म्हणेल, सगळे लिहायला लावले तर देणगीदार पळतील. जो लिहून द्यायला तयार नाही, त्याची देणगी खेळासाठी नव्हतीच. ती फोटोसाठी होती. तो पळाला तर पळू द्या.

तो पोरगा आता चालतो. थोडा लंगडतो. परीक्षा दिली आहे. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "काका, यंदा पंच म्हणून बोलवायलेत." मी विचारले, "पैसे किती ठरले?" तो हसला. म्हणाला, "अजून बोलले न्हाईत. देतील."

देतील! याच एका शब्दावर आपली पोरे इतकी वर्षे खेळत आली आहेत. या हंगामात फलक छापायला टाकण्याआधी एक वही विकत आणा. चाळीस-पन्नास रुपयांना मिळते.