कंट्रोल की कमांड? कळफलकावरचा एक जुना तंटा

१/ विंडोजवर वाढलेला एखादा विद्यार्थी पहिल्यांदाच लिनक्ससमोर बसतो. टर्मिनलच्या खिडकीत रात्रभर चाललेला प्रोग्रॅम संपत आलेला असतो. पडद्यावर उमटलेली एक ओळ कुणाला तरी पाठवावी म्हणून तो ती निवडतो आणि सवयीने कंट्रोल-सी दाबतो. ओळीची नक्कल होत नाही. प्रोग्रॅम मात्र जागच्या जागी बंद पडतो. रात्रीचे काम वाया जाते. #थ्रेड

२/ अशा वेळी दोष त्याच्या बोटांना देण्याचा प्रघात आहे. तो अन्यायाचा आहे. एकाच कळीवर दोन निरनिराळ्या पिढ्यांनी दोन निरनिराळी कामे लादली, एकदा १९६० च्या दशकात आणि पुन्हा १९९२ मध्ये. त्या कामांची वाटणी आजतागायत झालेली नाही. एका संगणकावरून दुसऱ्यावर जाणारे लोक कळांच्या नेमणुका बदलून घेतात, ते हीच राहिलेली वाटणी आपापल्या घरी उरकत असतात.

३/ दुसऱ्या कळीबरोबर दाबून तिचा अर्थ बदलणाऱ्या कळांना मॉडिफायर म्हणतात. त्यांतली जुनी शिफ्ट. १८७८ च्या रेमिंग्टन क्रमांक २ या टंकलेखन यंत्रावर एकाच दांडीला मोठे आणि लहान अशी दोन अक्षरे असत आणि शिफ्ट दाबली की यंत्राचा भाग खरोखरच सरकत असे. नाव तिथून आले. हिचे मुख्य काम सगळीकडे एकच, म्हणून हिच्यावरून भांडण नाही.

४/ कंट्रोलची कुळकथा वेगळी आहे. १९६३ साली आस्की ही सांकेतिक पद्धती प्रसिद्ध झाली आणि त्याच सुमारास टेलिटाइप मॉडेल ३३ हे तारयंत्र बाजारात आले. आस्कीत इंग्रजी सी या मोठ्या अक्षराचा क्रमांक ६७. कंट्रोल दाबली की त्यातून ६४ वजा होत आणि उरे ३. या तीनचा ठरलेला अर्थ ‘मजकूर संपला’. जीचा क्रमांक ७१; त्यातून उरलेल्या सातचा अर्थ ‘घंटा’, आणि कंट्रोल-जी दाबताच यंत्रातली धातूची घंटा खरोखर वाजे.

५/ म्हणजे कंट्रोल ही यंत्राशी बोलण्याची कळ होती. लेखातला परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवणे तिच्या जन्मकाळी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. पुढे डेक कंपनीच्या संगणकांवर कंट्रोल-सीला ‘चालू काम थांबव’ असा अर्थ आला आणि युनिक्सच्या टर्मिनलांतही तो रुजला. त्या विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम या वारशाने बंद पाडला.

६/ दुसरे घराणे कॅलिफोर्नियातले. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी जिप्सी नावाचा लेखनाचा प्रोग्रॅम घडवला. मजकूर कापणे आणि चिकटवणे आज ज्या रीतीने चालते ती रीत तिथे आकाराला आली. टेस्लर १९८० मध्ये अ‍ॅपलमध्ये गेले. १९८३ च्या लिसा संगणकावर झेड, एक्स, सी, व्ही ही खालच्या ओळीतली शेजारशेजारची चार अक्षरे अ‍ॅपलचे चिन्ह असलेल्या एका कळीबरोबर या कामांना जोडली गेली.

७/ १९८४ च्या मॅकिंटॉशवरही ते सफरचंदच राहायचे. पण मेनूंमध्ये ओळीओळीला कंपनीचे चिन्ह पाहून स्टीव्ह जॉब्ज चिडले. चिन्हाची अशी उधळपट्टी त्यांना नको होती. मग सुझन केअर या चित्रकर्तीने आंतरराष्ट्रीय चिन्हांचा कोश चाळला आणि स्वीडनमध्ये प्रेक्षणीय स्थळ दाखवणारी चार वेटोळ्यांची एक आकृती निवडली. कमांड कळीवर आज दिसते ती हीच. उत्तर युरोपातल्या रस्त्यांवर ती अजूनही प्रवाशांना वाट दाखवते.

८/ ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. तिच्याहून महत्त्वाची गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही : पहिल्या मॅकिंटॉशच्या कळफलकावर कंट्रोल ही कळ नव्हतीच. ती १९८७ च्या कळफलकांवर आली, आणि तीही कमांडला न हटवता. यंत्राला द्यायचा संकेत एका कळीवर आणि प्रोग्रॅमला द्यायची आज्ञा दुसऱ्या कळीवर, अशी वाटणी झाली. २००१ मध्ये मॅक ओएस टेन युनिक्सच्या पायावर उभी राहिली तेव्हा तिची किंमत कळली. मॅकच्या टर्मिनलमध्ये कमांड-सीने नक्कल होते आणि कंट्रोल-सीने काम थांबते. १९८४ ची मंडळी युनिक्सचा विचार करून बसली नव्हती. पण कित्येकदा चांगला निर्णय आपले कारण मागाहून शोधतो.

९/ तिसरे घराणे आयबीएमचे. १९८१ च्या पीसीवर कंट्रोल होती, ऑल्ट होती, तिसरी कळ नव्हती. ऑल्ट मेनूंच्या वाट्याला गेली. १९८७ मध्ये आयबीएमने सर्व प्रोग्रॅमांसाठी समान नियम प्रसिद्ध केले. त्यांत नकलेसाठी कंट्रोल-इन्सर्ट आणि चिकटवण्यासाठी शिफ्ट-इन्सर्ट अशा अवघड जोड्या होत्या. (विंडोजवर अनेक ठिकाणी त्या आजही चालतात, करून पाहावे.) १९९२ च्या विंडोज ३.१ ने मॅकची चार अक्षरे घेतली आणि कंट्रोलला बांधली. दुसरी मोकळी कळ होतीच कुठे? विंडोजची स्वतःची कळ मायक्रोसॉफ्टच्या कळफलकावर १९९४ मध्ये आली. दोन वर्षे उशिरा.

१०/ कळीचा मुद्दा, शब्दशः, इथे आहे. विंडोजची रीत बहुसंख्यांच्या हाती आहे म्हणून ती स्वाभाविक आणि मॅकची रीत हट्टी, असे सर्रास बोलले जाते. इतिहासाची साक्ष उलट आहे. मॅकने दोन कामे वेगळी ठेवली. विंडोजने अडचणीपोटी ती एकत्र केली. लिनक्सने ती अडचण वारशात घेतली, आणि म्हणून तिथल्या टर्मिनलांत नकलेसाठी कंट्रोलबरोबर शिफ्टही दाबावी लागते.

११/ जागेचा इतिहासही असाच. मॉडेल ३३ वर कंट्रोल ए या अक्षराच्या डावीकडे होती. १९८१ च्या पीसीवरही तिथेच. नंतर आयबीएमच्या १०१ कळांच्या फलकाने ती खालच्या कोपऱ्यात ढकलली आणि ती मोक्याची जागा कॅप्स लॉकला दिली. क्वचित लागणारी कळ बोटाखाली आणि दिवसभर लागणारी कोपऱ्यात. करंगळी वाकडी करून लाखो लोक आजही या निर्णयाचे व्याज भरत आहेत. मॅकची कमांड मात्र स्पेसच्या शेजारी, म्हणजे हाताच्या सर्वांत बळकट बोटाच्या, अंगठ्याच्या ताब्यात आहे.

१२/ आता नेमणुका बदलण्याकडे. मॅकवर डावीकडून क्रम कंट्रोल, ऑप्शन, कमांड. पीसीवर कंट्रोल, विंडोज, ऑल्ट. पीसीचा कळफलक मॅकला जोडला की विंडोज कळ कमांड होते आणि ऑल्ट कळ ऑप्शन, म्हणजे जागा उलटतात. त्या दोघींची अदलाबदल मॅकच्या सेटिंगमध्येच करता येते. इथवर वाद नाही.

१३/ घोळ पुढे होतो. विंडोजवरून मॅकवर आलेला माणूस उत्साहाने कंट्रोल आणि कमांड यांची सरसकट अदलाबदल करतो. नक्कल सवयीच्या कोपऱ्यात येते, पण टर्मिनलमध्ये काम थांबवण्याची कळ स्पेसशेजारी जाते. उलट दिशेने येणारा ऑल्ट आणि कंट्रोल बदलतो. त्याच्या अंगठ्याला नक्कल मिळते, पण मॅकवर त्याच अंगठ्याने होणारे, कमांड-टॅबचे खिडक्या बदलण्याचे काम आता कोपऱ्यात जाऊन बसते. मॅकवर ही दोन्ही कामे एका कळीची. विंडोजवर ती दोघींत विभागलेली. नावे बदलून ही दरी बुजत नाही.

१४/ म्हणून नेमणूक कामाकडे पाहून करावी. नक्कल, चिकटवणे, जतन, खिडकी बदलणे ही कामे अंगठ्याकडे. टर्मिनलचा थांबा कंट्रोलकडेच. आणि कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल पुन्हा आणून बसवावी. विंडोजवर पॉवरटॉइजमध्ये एकेक जोडी स्वतंत्रपणे, एखाद्याच प्रोग्रॅमपुरतीही, बदलता येते. मेहनत जास्त आहे, हे खरे.

१५/ यावर एक आक्षेप रास्त आहे : सामायिक संगणकावर असे बदल केले तर पुढच्या माणसाची फजिती होते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हात आवरावा. पण स्वतःच्या यंत्रावरही ‘यंत्र म्हणेल तसे शिका’ हा उपदेश का ऐकावा? जपानी संगणकशास्त्रज्ञ एइइची वादा यांनी अमेरिकेतल्या गुराख्यांचा दाखला दिला होता : घोडा मेला तर ते त्याला मागे सोडतात, खोगीर मात्र सोडत नाहीत. संगणक बदलत राहतात, कळफलक हे खोगीर. त्यांच्या कल्पनेतून १९९६ मध्ये हॅपी हॅकिंग कीबोर्ड निघाला. त्यावर एच्या डावीकडे कंट्रोल आहे, कॅप्स लॉकची स्वतंत्र कळ नाही.

१६/ कळफलकाबाबत सर्वांचे जुळणे अशक्य असते, असेही नाही. पुरावा मराठीच्या घरातच आहे. १९९१ च्या भारतीय मानकातली इनस्क्रिप्ट मांडणी विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर मिळते. इंग्रजी के या अक्षरावर क, आणि शिफ्टबरोबर ख. एचवर प, आणि शिफ्टबरोबर फ. अल्पप्राणाचा महाप्राण करणारी शिफ्ट! मात्र त्याच क-खची नक्कल करायची म्हटली की यंत्रागणिक वेगळी कळ शोधावी लागते.

१७/ युनिक्सच्या जगात कळांच्या नेमणुका बदलण्यासाठी एक्समॉडमॅप नावाची जुनी आज्ञा आहे. तिच्या मॅन्युअलच्या पानावर नमुन्यादाखल काही उदाहरणे दिली आहेत. त्यांतले एक असे : डावी कंट्रोल आणि कॅप्स लॉक यांची अदलाबदल कशी करावी.