विश्लेषण : ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बुझम पेरिल’ कसं झालं? इंग्रजीत पॅराफ्रेजिंग म्हणजे नेमकं काय?

ब्रेस्ट कॅन्सरला इंग्रजीत ‘बुझम पेरिल’ म्हणतात का? कुणीच म्हणत नाही. तरीही हा शब्दप्रयोग संशोधनपर लेखांमध्ये छापून आला आहे. तसंच ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, म्हणजे बनावट जाणीव, आणि ‘बिग डेटा’च्या जागी ‘कोलॉसल इन्फर्मेशन’!

गियोम कबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह या संशोधकांनी 2021मध्ये असे नमुने शोधून जगापुढे मांडले. त्यांनी याला ‘टॉर्चर्ड फ्रेझेस’, म्हणजे छळून वाकवलेले शब्दप्रयोग, असं नाव दिलं. ‘मायक्रोप्रोसेसर्स अँड मायक्रोसिस्टिम्स’ या नियतकालिकातल्या लेखांमध्येही ते सापडले. कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला चकवण्यासाठी मजकूर पॅराफ्रेजिंग टूलमधून काढला, की टूल प्रत्येक शब्दाला प्रतिशब्द शोधतं. ‘ब्रेस्ट’ला ‘बुझम’ सापडतो, ‘कॅन्सर’ला ‘पेरिल’. आजाराचं नाव मात्र हरवतं.

हा प्रश्न आपल्याशी कसा जोडलेला आहे?

मराठी माध्यमातून शिकलेल्या अनेकांना पदव्युत्तर प्रकल्प किंवा पीएचडीचा प्रबंध इंग्रजीत लिहावा लागतो. प्रबंध जमा करण्याआधी त्याची ‘सिमिलॅरिटी’ तपासली जाते.

यूजीसीच्या 2018च्या नियमावलीत यासाठी चार पातळ्या आहेत. 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. 10 ते 40 टक्के असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. 40 ते 60 टक्के असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. 60 टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते.

म्हणजे कित्येक वर्षांची मेहनत पणाला लागलेली असते. मग ‘मजकूर कसा लिहायचा’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘टक्के कसे कमी करायचे’ हा पुढे येतो. टूलकडे हात जातो तो इथे.

टक्के कमी म्हणजे चोरी नाही?

तसं नाही. सॉफ्टवेअर शब्दांचं साम्य मोजतं. विचार कुणाचा आहे, हे त्याला कळत नाही. यूजीसीच्या व्याख्येनुसार दुसऱ्याचं काम किंवा कल्पना आपली म्हणून सादर करणं म्हणजे वाङ्मयचौर्य. त्यामुळे सगळे शब्द बदलले, पण संदर्भ दिला नाही, तर रिपोर्टमध्ये शून्य टक्के येऊनही ती चोरीच ठरते. उलट, अवतरणचिन्हांत आणि संदर्भासह दिलेला मजकूर नियमानुसार या मोजणीतून वगळायचा असतो.

शब्द बदलणं आणि पॅराफ्रेज करणं यात फरक काय?

एक साधं वाक्य घेऊ : ‘मेनी फार्मर्स पोस्टपोन्ड सोइंग बिकॉज द मान्सून अरायव्ह्ड टू वीक्स लेट.’

प्रतिशब्द घातले की होतं : ‘न्यूमरस कल्टिव्हेटर्स डिलेड प्लांटिंग ॲज द रेनी सीझन केम टू वीक्स लेट.’ वाक्याचा सांगाडा तोच, फक्त कपडे बदलले. शिवाय ‘सोइंग’ म्हणजे पेरणी; ‘प्लांटिंग’मध्ये लावणीही येते. अर्थ सैल झाला.

आता हे पाहा : ‘विथ द रेन्स अ फोर्टनाइट बिहाइंड, सोइंग हॅड टु वेट ऑन मेनी फार्म्स.’ इथे पाऊस आधी आला, पेरणी नंतर. रचना नवी, पण ‘सोइंग’ आणि ‘मेनी’ जागेवर आहेत, कारण ते बदलले तर माहिती बदलते.

पहिल्या प्रकाराला अमेरिकन अभ्यासक रेबेका मूर हॉवर्ड यांनी ‘पॅचरायटिंग’, म्हणजे ठिगळं लावून लिहिणं, असं म्हटलं. याकडे थेट गुन्हा म्हणून न पाहता शिकण्याचा एक टप्पा म्हणून पाहावं, असं त्यांचं म्हणणं. टप्पा आहे, म्हणजे तो ओलांडायला हवा.

मग जमवायचं कसं?

• परिच्छेद पूर्ण वाचा आणि मूळ मजकूर बंद करा. समोर दिसत राहिला तर तेच शब्द उतरतात.
• मैत्रिणीला फोनवर सांगाल तसं ते मराठीत सांगा. सांगता आलं नाही, तर अडचण इंग्रजीची नाही. मुद्दाच कळलेला नाही. पुन्हा वाचा.
• तोच मुद्दा छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहा. अवघड शब्द शोधू नका.
• तांत्रिक संज्ञा तशाच ठेवा. ‘ब्रेस्ट कॅन्सर’ हा ‘ब्रेस्ट कॅन्सर’च राहतो.
• आता मूळ मजकूर उघडून ताडून पाहा. आकडे बरोबर आहेत का? ‘मेनी’चं ‘मोस्ट’ किंवा ‘मे’चं ‘विल’ तर झालं नाही ना?
• संदर्भ द्या. मराठीतून घेतलेला मुद्दा इंग्रजीत लिहिला, तरीही.

एआयकडून लिहून घेतलं तर?

वाक्य गुळगुळीत होईल, पण अर्थ सरकला की नाही, हे तपासण्याइतका विषय तुम्हालाच समजलेला हवा. आणखी एक धोका आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023मध्ये सात एआय डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेल्या 91 निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध या डिटेक्टरांनी एआयचे ठरवले. म्हणजे प्रामाणिक लिहिणाऱ्यावरही संशय येऊ शकतो. म्हणून आपली टिपणं आणि कच्चे खर्डे तारखेसह जपून ठेवा.

शेवटी तोंडी परीक्षेत टूल शेजारी बसत नाही. ‘हे वाक्य समजावून सांगा’ असं परीक्षकांनी म्हटलं, तर ज्यानं ते आधी मराठीत स्वतःला सांगून पाहिलंय, तो अडखळत का होईना, उत्तर देऊ शकतो.