नक्कल संपते तिथून

फ्लीटवुड मॅक म्हटलं की बहुतेक श्रोत्यांना १९७७चा ‘रूमर्स’ आठवतो. कॅलिफोर्नियातलं घासूनपुसून लख्ख केलेलं पॉप, बँडमध्येच मोडत चाललेले संसार आणि कोट्यवधी प्रतींचा खप. पण त्याच्या आठ वर्षं आधी याच नावाचा एक बँड लंडनमध्ये होता. त्यात स्टीव्ही निक्स नव्हती, लिंडसे बकिंगहॅमही नव्हता. ड्रमवर मिक फ्लीटवुड आणि बेस गिटारवर जॉन मॅकव्ही, एवढीच दोन माणसं दोन्हीकडे सारखी. हा बँड ब्लूज वाजवायचा आणि त्याचा म्होरक्या होता पीटर ग्रीन. सँटानाचं म्हणून जगभर गाजलेलं ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ मूळ या ग्रीनचं. सप्टेंबर १९६९ मध्ये त्यांचा ‘देन प्ले ऑन’ आला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. ब्रिटिश ब्लूज-रॉकच्या थोर अल्बमांची यादी निघाली की क्लॅप्टन आणि मेयॉलचा ‘ब्लूज ब्रेकर्स’, जेफ बेकचा ‘ट्रुथ’, लेड झेपलिनचा पहिला अल्बम ही नावं आधी येतात. ‘देन प्ले ऑन’ आलाच तर ‘संक्रमणकाळातला’ असा शेरा घेऊन येतो. माझं म्हणणं असं की या सगळ्या पसाऱ्यात सर्वांत प्रौढ अल्बम हाच आहे. त्या काळच्या ब्रिटिश ब्लूजपुढे खरा प्रश्न एकच होता: मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत आणि शिकागोच्या गुत्त्यांत वाढलेलं गाणं लंडनच्या गोऱ्या पोरानं गायचं, तर कोणाच्या तोंडानं गायचं? बहुतेकांनी आवाज चढवून हा प्रश्न दाबून टाकला. या अल्बमने त्याला उत्तर दिलं, आणि ते नक्कल सोडून देऊन दिलं.

ही मंडळी ब्लूज शिकली ती रेकॉर्डवरून. १९५८ मध्ये मडी वॉटर्स इंग्लंडचा दौरा करून गेला, १९६२ पासून अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हलच्या निमित्ताने बडे कलावंत युरोपात येऊ लागले. पण रोजची तालीम व्हायची ती शिकागोच्या चेस कंपनीच्या रेकॉर्डवर सुई पुन्हापुन्हा मागे नेऊन. आपल्या घराण्यांशी याची तुलना करायचा मोह होतो. फरक एवढाच की घराण्यात गुरू समोर बसून चूक पकडतो, आणि गुरू खरा असेल तर एका टप्प्यावर ‘आता तुझं गा’ असंही सांगतो. रेकॉर्ड तसं काही सांगत नाही. नक्कल कुठे थांबवायची हे इथे ज्याचं त्यानेच ठरवायचं असतं, आणि पुष्कळांना ते शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. ग्रीन लंडनच्या बेथनल ग्रीन भागातल्या ज्यू कुटुंबातला. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टन जॉन मेयॉलचा बँड सोडून गेला आणि त्या रिकाम्या जागी याला उभं राहावं लागलं. तोवर लंडनच्या भिंतींवर क्लॅप्टनला देव ठरवणाऱ्या घोषणा रंगवून झाल्या होत्या. पुढच्याच वर्षी ग्रीनने स्वतःचा बँड काढला, पण नाव दिलं ते ड्रमवाल्याचं आणि बेसवाल्याचं. मॅकव्ही तर तेव्हा बँडमध्ये आलाही नव्हता. पहिल्या अल्बमच्या वेष्टनावर ‘पीटर ग्रीन्स’ हे शब्द तरीही चढलेच, ती गोष्ट वेगळी.

नक्कल किती टोकाला गेली होती हे पाहायचं तर ऑगस्ट १९६८चा ‘मिस्टर वंडरफुल’ ऐकावा. त्यातली चार गाणी एल्मोर जेम्सच्या एकाच प्रसिद्ध स्लाइड तुकड्याने सुरू होतात. एक नाही, दोन नाही, चार. दुसरा गिटारवादक जेरेमी स्पेन्सर हा एल्मोर जेम्सची हुबेहूब छबी उभी करायचा. जुन्या रेकॉर्डचा खरखरीतपणा यावा म्हणून स्टुडिओतल्या सोयी बाजूला ठेवून अॅम्प्लिफायरसमोर माइक लावून रेकॉर्डिंग केलं गेलं. कसब म्हणून ते अव्वलच आहे. पण कसब वजा केलं की वाजवणाऱ्याचं स्वतःचं काय उरतं, हे त्यात शोधावं लागतं.

पुढच्या तेरा महिन्यांत चित्र पालटलं. डॅनी कर्वन हा अठरा वर्षांचा गिटारवादक बँडमध्ये आला. नोव्हेंबर १९६८ मध्ये ‘अल्बाट्रॉस’ आलं. शब्द नाहीत, बारा मात्रागटांचा ब्लूजचा साचा नाही, दोन गिटार एकमेकींना धरून संथ चालतात, आणि तरी ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. जानेवारी १९६९ मध्ये बँड शिकागोला चेसच्या स्टुडिओत जाऊन बसला. समोर विली डिक्सन, ओटिस स्पॅन, वॉल्टर हॉर्टन आणि खुद्द एल्मोर जेम्सला साथ केलेला सॅक्सोफोनवादक जे. टी. ब्राउन. ज्यांच्या रेकॉर्ड घासून शिकलो ती माणसं शेजारच्या खुर्चीवर बसली की नक्कल करण्यातली गंमत ओसरत असावी. हा माझा तर्क आहे, पण तारखा त्याच्या बाजूने आहेत. ‘देन प्ले ऑन’चं बहुतेक काम त्यानंतरच्या वसंतात आणि उन्हाळ्यात झालं. त्यातल्या चौदा गाण्यांत एकही दुसऱ्याचं नाही. स्पेन्सर त्यात जवळपास नाहीच. नाव घेतलंय शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’च्या पहिल्या ओळीतून, आणि मुखपृष्ठावर मॅक्सवेल आर्मफील्ड या इंग्रज चित्रकाराचा पांढऱ्या घोड्यावरचा नग्न स्वार. मिसिसिपीतलो असल्याचा आव वेष्टनापासूनच गळून पडलाय.

आता प्रत्यक्ष आवाजाकडे येऊ, कारण वाद तिथेच निकालात निघतो. ग्रीनच्या १९५९च्या लेस पॉल गिटारमध्ये एका पिकअपचं चुंबक उलटं बसलेलं होतं. दोन्ही पिकअप एकदम चालू केले की काही कंपनं एकमेकांना खोडून काढायची, आणि उरायचा तो पोकळ, किंचित नाकातून आल्यासारखा स्वर. अशा स्वराने दणका देता येत नाही, बोलता येतं. ग्रीन त्याने बोलतो, आणि कमी बोलतो. त्याच उन्हाळ्यात वुडस्टॉकला ‘टेन इयर्स आफ्टर’च्या अॅल्विन लीने बोटांच्या वेगावर लाखोंचा जमाव जिंकला, हे लक्षात ठेवून ‘अंडरवे’ ऐकावं. तीनेक मिनिटांची रचना, शब्द नाहीत, आसेत भिजलेली गिटार. एक स्वर लागतो, विरत जातो, आणि तो पुरता विरेपर्यंत दुसरा येत नाही. ‘क्लोजिंग माय आईज’मध्ये गाणारा आवाज इतका खाली आहे की तो आपल्यासाठी गातोय की स्वतःशी, असा प्रश्न पडावा. गायलेल्या ओळीला गिटारने जबाब द्यायचा ही ब्लूजची जुनी रीत. ‘बिफोर द बिगिनिंग’ या शेवटच्या गाण्यात ती रीत पाळलेली आहे, पण जबाब दोन-चार स्वरांचाच येतो. जिथे दुसऱ्या कोणी तानांची आतषबाजी केली असती, तिथे हा माणूस जागा मोकळी सोडतो. आणि ‘शो-बिझ ब्लूज’? स्लाइड गिटार आणि टाळ्यांचा ठेका, आवाज मिसिसिपीच्या जुन्या वळणाचा, पण विषय पाहा: रंगमंचावर उभा असलेला गायक समोरच्या गर्दीला विचारतोय की तिला त्याची खरोखर कितीशी पर्वा आहे. एकामागून एक गाणी गाजत असलेल्या बावीस वर्षांच्या लंडनच्या पोराचं ते अस्सल दुःख होतं. ते त्याने कोणाकडून उसनं आणलेलं नव्हतं. साचा परक्याचा ठेवून मजकूर स्वतःचा भरणं हे एल्मोर जेम्सचा आवाज काढण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे.

अल्बम विस्कळीत आहे, हा पहिला आक्षेप. त्यात तथ्य नाही असं नाही. कर्वनची नाजूक गाणी, ग्रीनची उदास गाणी आणि मध्येच ‘फायटिंग फॉर मॅज’ आणि ‘सर्चिंग फॉर मॅज’ हे दोन दांडगे जॅम, तेही लांबलचक वादनातून ग्रीनने कापून जोडलेले. ‘व्हेन यू से’ मला गुळचट वाटतं. पण हिशेब मांडला तर वेगळंच दिसतं. चौदापैकी सात रचना कर्वनच्या, पाच ग्रीनच्या, दोन ताल सांभाळणाऱ्या जोडीच्या नावावर. बँडचा कर्ता, देशातला नावाजलेला गिटारवादक, अर्धा अल्बम एकोणीस वर्षांच्या पोराला देऊन टाकतो. पहिल्याच ‘कमिंग युअर वे’मध्ये दोन गिटार अशा एकमेकींत गुंततात की कोणती कोणाची हे सांगणं कठीण जावं. गिटारवादकाला देव्हाऱ्यात बसवण्याच्या त्या काळात हे विस्कळीत वाटणारच. मला तो विस्कळीतपणा एका ठाम आवडीनिवडीचा परिणाम वाटतो.

दुसरा आक्षेप कर्मठांचा: यात ब्लूज आहेच कुठे? बारा मात्रागटांचा साचा मोजक्याच ठिकाणी सापडतो, आणि जिथे कर्वनच्या ‘लाइक क्राइंग’सारखा बऱ्यापैकी सरळ येतो तिथे तो इतका साधा आहे की लक्षातही येऊ नये. पण साचा म्हणजेच ब्लूज असेल तर जॉन ली हूकरला आधी यादीतून काढावं लागेल. तो मात्रा मोजायचा नाही, मनाला येईल तेव्हा स्वरमेळ बदलायचा, कधी बदलायचाच नाही, आणि अख्खं गाणं एका ठेक्यावर ओढून न्यायचा. त्याच्या ब्लूजपणावर कोणी शंका घेत नाही. चावटपणा ब्लूजमध्ये पहिल्यापासून आहे, आणि ‘रॅटलस्नेक शेक’मध्ये तो पुरेपूर उतरलाय. त्यात फ्लीटवुडचं नाव घालून त्याचीही फिरकी घेतलीय.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. काळ्या माणसाने घडवलेलं संगीत गोऱ्यांनी उचललं आणि पैसा गोऱ्यांनी केला. याचे पुरावे भरपूर आहेत. ‘ट्रुथ’वर ‘रॉक माय प्लिमसोल’ नावाचं गाणं आहे. ते बी. बी. किंगच्या ‘रॉक मी बेबी’चंच बदललेलं रूप, आणि रचनाकार म्हणून छापलंय एक बनावट नाव. लेड झेपलिनच्या ‘होल लॉटा लव्ह’बद्दल विली डिक्सनने १९८५ मध्ये दावा लावला, तो १९८७ मध्ये तडजोडीने मिटला. ‘देन प्ले ऑन’वर असा डाग नाही, पण तेवढ्याने ऋण फिटतं असंही नाही. सगळ्या रचना स्वतःच्या असल्या तरी ज्या भाषेत त्या बोलतात ती भाषा शिकवणाऱ्यांना तिचं मोल कधी पुरतं मिळालं नाही. या बँडने ओटिस स्पॅनला त्याच्या अल्बमवर साथ केली, शिकागोच्या रेकॉर्डिंगवर जुन्या जाणत्यांना बरोबरीने बसवलं, ही जमेची बाजू. माझा मुद्दा मात्र नैतिक प्रमाणपत्राचा नाही. उचलेगिरी टाळण्याचा एक मार्ग म्हणजे मूळ रचनाकाराचं नाव छापणं, दुसरा म्हणजे उचलण्याची गरजच उरू न देणं. दुसरा मार्ग फार थोड्यांनी धरला, आणि त्यासाठी लागणारं सांगण्यासारखं काहीतरी त्या थोड्यांपैकी ग्रीनकडे होतं.

चाहत्यांनीही या अल्बमवर एक अन्याय केलाय. मे १९७० मध्ये ग्रीनने बँड सोडला, कमाई वाटून टाकण्याच्या गोष्टी केल्या आणि काही प्रमाणात तसं केलंही. पुढे स्किझोफ्रेनियाने त्याची उमेदीची वर्षं गिळली. मधूनमधून तो परतला आणि जुलै २०२० मध्ये वारला. तेव्हापासूनच नव्हे, त्याच्याही कितीतरी आधीपासून हा अल्बम येऊ घातलेल्या आजाराचा दाखला म्हणून ऐकला जातो. प्रत्येक मंद स्वरात वेडाची चाहूल, प्रत्येक उदास ओळीत भाकीत. ही रसिकता नव्हे, हा आळस आहे. आजाराने माणूस तासन्‌तासांच्या जॅममधून नेमकी मिनिटं निवडत नाही, चौदा तुकड्यांचा क्रम लावत नाही, कुठे वाजवू नये याचा असा हिशेब ठेवत नाही. १९६९ मधला ग्रीन शुद्धीवर होता, कामात गढलेला होता आणि आपल्या कलेवर त्याचा पूर्ण ताबा होता.

ऐकायचा झाला तर आवृत्ती पाहून घ्यावी. अमेरिकेत हा अल्बम निघाला तेव्हा कर्वनची दोन गाणी वगळली. मग ‘ओह वेल’ इंग्लंडमध्ये गाजलं म्हणून ते नऊ मिनिटांचं गाणं आत घालण्यासाठी कर्वनचीच आणखी दोन काढली. सातातली चार गेली, आणि दोघांनी मिळून मांडलेला अल्बम एकट्या ग्रीनचा वाटू लागला. अल्बमला ‘संक्रमणकाळातला’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी हीच मोडतोड झालेली प्रत ऐकली असावी. ‘ओह वेल’ थोरच आहे: आधी विजेच्या गिटारचा तडाखा आणि मग अचानक स्पॅनिश वळणाचा संथ, जवळजवळ धार्मिक भाग. पण ते स्वतंत्र गाणं म्हणून निघालं होतं. २०१३च्या पुनर्प्रकाशनात मूळ चौदा गाण्यांचा क्रम परत आलाय आणि ‘ओह वेल’ जादा गाणं म्हणून शेवटी गेलंय. त्याची जागा तीच.